मुख्याध्यापकांचं नेतृत्व मोजायचंय? मग प्रश्नावली निवडण्याआधी

पीएचडीचा सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: 'लीडरशिप मोजायला कोणतं टूल घेऊ?' खरं तर बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं, एमएलक्यू, म्हणजे मल्टिफॅक्टर लीडरशिप क्वेश्चनेअर ही नेतृत्वशैलीची प्रश्नावली. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध चाळताना हे नाव सारखं समोर येतं, म्हणून. माझं काम शाळांच्या मुख्याध्यापकांवर होतं. त्या कामातून जे हाती लागलं ते नव्यांसाठी लिहिते आहे.

आधी स्वतःच्या शीर्षकाकडे बघा. त्यात 'नेतृत्व कौशल्य' लिहिलंय की 'नेतृत्व शैली'? रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ मध्ये तांत्रिक, मानवी आणि संकल्पनात्मक अशी तीन कौशल्यं मांडली. माणसाला काय जमतं, याची ती मांडणी आहे. बास आणि अव्होलियो यांची एमएलक्यू विचारते तो कसा वागतो ते: उमेद देतो का, कामाच्या बदल्यात कौतुक करतो का, की सगळं वाऱ्यावर सोडतो. शीर्षकात कौशल्य आणि हातात शैलीची प्रश्नावली असली की व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तिथेच अडकायला होतं. तीच प्रश्नावली हवी असेल तर शीर्षक बदला. आरआरसीच्या, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या, बैठकीआधी ते सहज होतं, नंतर फार यातायात पडते.

मग फॉर्म कोण भरणार ते ठरवा. एमएलक्यूमध्ये आणि कूझेस-पोस्नर यांच्या एलपीआय (लीडरशिप प्रॅक्टिसेस इन्व्हेंटरी) या प्रश्नावलीमध्ये नेत्याने स्वतः भरायचा आणि इतरांनी त्याच्याबद्दल भरायचा, असे वेगवेगळे फॉर्म आहेत. फक्त मुख्याध्यापकांकडून भरून घेतलंत तर हाती येईल ते त्यांचं स्वतःबद्दलचं मत. शिक्षकांना विचारायलाच हवं. पण जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत ते कसं विचारणार? सहकारी एकच, नाव न लिहिताही फॉर्म कोणाचा ते उघड. अशा ठिकाणी मुलाखत घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या माध्यमिक शाळेतही फॉर्म स्टाफरूममध्ये वाटून शिपायाकरवी गोळा करू नका. बंद पाकीट द्या आणि स्वतः जाऊन घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो प्रश्न एकेक करून वाचण्यात. एमएलक्यूमध्ये एक विधान आहे, गरजेच्या वेळी हजर नसतात, अशा अर्थाचं. निष्क्रिय नेतृत्वाची खूण म्हणून ते घातलेलं आहे. पायलटच्या, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीच्या, वेळी एका शिक्षिकेने त्यावर 'बरेचदा' अशी खूण केली. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "सर कुठे असतात शाळेत? आज पंचायत समितीची मीटिंग, उद्या प्रशिक्षण, मग निवडणुकीचं काम. पण फोन लावला की लगेच उचलतात." म्हणजे शासनाने बाहेर पाठवलेल्या माणसाच्या खात्यावर निष्क्रियतेचे गुण जमा होत होते! क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७० च्या वर आला तरी असला घोळ त्यात दिसत नाही. म्हणून चार-पाच जणांना शेजारी बसवून फॉर्म भरायला लावा आणि प्रत्येक खुणेचं कारण विचारा. मराठी अनुवाद दुसऱ्या कोणाकडून तरी परत इंग्रजीत करून घेऊन मुळाशी ताडून बघणं तर आलंच.

आता पैशांचं. एमएलक्यू माइंड गार्डन या प्रकाशन कंपनीकडून विकत घ्यावी लागते, किती जणांना देणार त्या हिशेबाने. प्रबंधाच्या परिशिष्टात ती पूर्ण छापताही येत नाही, मोजके नमुना प्रश्नच देता येतात. फेलोशिप नसेल तर दुसरे रस्ते आहेत. स्टॉगडिल यांची १९६३ ची एलबीडीक्यू (नेत्याच्या वागणुकीचं वर्णन करणारी प्रश्नावली), फॉर्म बारा, ओहायो स्टेट विद्यापीठाने संशोधनासाठी मोफत ठेवली आहे. पण तिच्यात १०० विधानं आहेत आणि शाळा सुटायच्या वेळी शिक्षक तेवढी नीट वाचत नाहीत. कार्लेस, वेअरिंग आणि मान यांची २००० सालची प्रश्नावली फक्त सात विधानांची. नेतृत्व हा तुमच्या अभ्यासातल्या अनेक घटकांपैकी एकच असेल तर ती पुरते. पोटघटक वेगळे काढायचे असतील तर नाही पुरत.

भारतीय मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये मांडलेला नेताही जरूर वाचा: जिव्हाळा लावणारा, पण काम चोख मागणारा. आमच्या शिक्षकांनी चांगल्या मुख्याध्यापकाचं जे वर्णन केलं, ते याच्या फार जवळ जातं.

प्रश्नावली वापरण्याच्या परवानगीसाठी तिच्या हक्कदारांना ईमेल सिनॉप्सिस जमा करण्याआधीच पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि ते परवानगीपत्र प्रबंधाला जोडायचं असतं.