एमपी (मध्य प्रदेश) पोलिसात नवीन आलेल्या मुलींसाठी: नेटवर्क कसं बनतं आणि कामाची दखल कशी घ्यायला लावायची

सागरच्या अकॅडमीतून पासआऊट होऊन इंदुरात पहिली पोस्टिंग मिळालेल्या मुली भेटल्या की बहुतेकींचं एकच म्हणणं असतं, मॅडम इथे आपल्याला कुणी ओळखत नाही, कसं होणार. त्यातून आपल्या मराठी घरातली मुलगी असली की अजूनच, रामबाग नाहीतर सुदामा नगरातलं घर, सगळे बँकेत, शाळेत, वीज मंडळात, पोलिसात आजवर कुणीच नाही, त्यामुळे घरी विचारायलाही कोणी नाही. म्हणून जे मला माहिती आहे ते एकदा नीट लिहून टाकते.

पहिली गोष्ट, नेटवर्क म्हणजे मोठ्या साहेबांशी ओळख असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. साहेबांच्या बदल्या होतात, आणि रात्री एक वाजता तुम्ही डीसीपींना फोन करून साधी शंका विचारणार नाही. खरी कामाला येते ती बाजूच्या ठाण्यातली, बाजूच्या जिल्ह्यातली, तुमच्याच रँकची बाई. देवास, धार, उज्जैन, खरगोन, खंडवा, एवढ्या प्रत्येक जिल्ह्यात एक तरी महिला एसआय (सब-इन्स्पेक्टर) अशी हवी जिला तुम्ही नावानं हाक मारू शकता.

हे का म्हणतेय ते सांगते. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम २४ बघा, मुलाचं किंवा मुलीचं बयान (जबाब) शक्यतो महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचं, ती एसआयपेक्षा खालच्या रँकची नको, आणि वर्दीत नको. आता प्रत्येक ठाण्यात महिला एसआय कायम हजर असतेच असं नाही, मग दुसऱ्या ठाण्यातून फोन येतो, मॅडम जरा येता का, बयान घ्यायचंय. पुष्कळ मुली याला वैतागतात, आपल्या स्वतःच्या केस डायऱ्या (तपासाचे कागद) पेंडिंग आणि हे दुसऱ्याचं काम. मी तर म्हणते जा. तिथे तुम्हाला वन स्टॉप सेंटरची (अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणारं सरकारी केंद्र) काउन्सेलर भेटते, बाल कल्याण समितीचे लोक भेटतात, एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टर, एडीपीओ (सरकारी वकील) मॅडम, एफएसएलची (फॉरेन्सिक लॅबची) टीम, आणि पुढे तुमच्या केसमध्ये हीच माणसं असतात. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत, त्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी येणं आणलंय, म्हणजे त्यांच्याशी बोलणं आता रोजचंच होणार, तर ओळख आधीपासून असलेली बरी.

आणि समजा एखादी पीडित मुलगी इंदूरच्या बसस्टँडवर सापडली पण घटना खरगोनची आहे. इथे झिरोवर कायमी होते, म्हणजे हद्द आपली नसली तरी गुन्हा नोंदवला जातो, आणि डायरी तिकडे जाते. तिकडची एसआय तुमच्या ओळखीची असली तर तुम्ही आधीच फोन करून सांगता की पोरगी पुरुषांना घाबरते, आई समोर असली की गप्प होते, मावशीजवळ बोलते, हे सगळं कागदावर येत नाही हो. ओळख नसली तर ती पोरगी तिथे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसते. माझ्या मते आपण बायकांनी एकमेकींशी जोडून राहायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आपलं प्रमोशन वगैरे नंतर.

दुसरी जागा म्हणजे बंदोबस्त. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीला कापड मिलवाल्यांच्या झांक्या (चित्ररथ) रात्रभर चालतात तो बंदोबस्त, यात चार ठाण्यांच्या बायका एका पॉइंटवर उभ्या असतात, तेव्हा मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नका, बोला, नंबर घ्या, कोण कोणत्या बॅचची, कुणाला सायबरचं कळतं, कोण चालान (कोर्टात द्यायचं आरोपपत्र) चांगलं लिहिते. आणि बंदोबस्ताची मीटिंग असली की त्यात एक गोष्ट मांडायचीच, महिला स्टाफसाठी टॉयलेट कुठे आणि बारा तासांच्या ड्युटीत रिलीव्हर कोण. एकटीनं म्हटलं तर ती तक्रार वाटते, तीन ठाण्यांच्या मॅडमनी मिळून लिहून दिलं की तो प्लॅनचा भाग होतो. २०२८ ला उज्जैनचा सिंहस्थ आहे, सगळ्या प्रदेशातून फोर्स येणार, ग्वाल्हेर-जबलपूर-रीवाच्या बायकांशी ओळख व्हायची यापेक्षा मोठी संधी मिळणार नाही, आत्तापासून मनात ठेवा.

व्हॉट्सॲप ग्रुप बनवालच, बनवा, पण दोन गोष्टी कडक पाळा. पीडितेचं नाव, फोटो, गावाचा पत्ता, एफआयआरची कॉपी ग्रुपवर टाकायची नाही, ओळख उघड करणं हा बीएनएसच्या (भारतीय न्याय संहितेच्या) कलम ७२ मध्ये गुन्हा आहे आणि आपण पोलिस आहोत म्हणून ग्रुपवर गप्पांत टाकायची सूट मिळत नाही. दुसरं, १९६६ च्या कायद्यानं पोलिसांच्या संघटना करण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे ग्रुपला युनियनचं रूप देऊ नका, मागण्या-घोषणा तिथे नकोत, कामाची देवाणघेवाण ठेवा. बाहेरच्या कुठल्याही संस्थेत सदस्य व्हायचं असेल तर आधी डिपार्टमेंटची लेखी परवानगी.

आता दखल. यावर मला जरा जास्तच बोलायचंय कारण इथे आपल्या मुली मागे राहतात. मार्च २०२१ मध्ये एमपीत ७०० ठाण्यांत ऊर्जा महिला डेस्क, म्हणजे महिलांच्या तक्रारींसाठी वेगळे डेस्क, सुरू झाले. त्याआधी १८० ठाण्यांवर यावर नीट संशोधन झालेलं आणि ते २०२२ ला सायन्स या जर्नलमध्ये छापून आलं, डेस्क असलेल्या ठाण्यांत महिलांच्या केसेस जास्त नोंदवल्या गेल्या, आणि जिथे डेस्कवर महिला अधिकारी होत्या तिथे तर विशेष. म्हणजे ठाण्यात बसून रोज ऐकून घेणाऱ्या आपल्या बायकांचं काम जगानं मोजून बघितलं! हे सांगायला लाजू नका, तुमच्या डेस्कचं रजिस्टर नीट ठेवा, कारण दाखवायला आकडे तिथूनच मिळतात.

पण फक्त डेस्कवरच राहू नका. टीआय साहेबांना (ठाण्याच्या इन्चार्जना) स्वतः जाऊन म्हणा की मला चोरीची, सायबरची, मर्डरची विवेचना (तपास) द्या. आपल्याच प्रदेशात आशा गोपाल मॅडम १९८० च्या दशकात शिवपुरीच्या एसपी होत्या, डाकूंच्या मागे जंगलात जायच्या, त्यामुळे बाईला हे जमत नाही हे एमपीत तरी कुणी म्हणू नये. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून कमिश्नर सिस्टम आहे, झोन वाढले, अधिकारी वाढले, त्यामुळे कामं वेगवेगळी मिळायची शक्यताही वाढलीय, मागितलं तर मिळतं.

मागायचं म्हणजे कागदावर. चांगला डिटेक्शन झाला, म्हणजे गुन्हा उघडकीस आला, की त्याच आठवड्यात एका पानात लिहून ठेवा, गुन्हा नंबर, कलमं, तुमचा स्वतःचा रोल काय, किती तासांत, कोर्टात काय झालं. टीममध्ये सहा जण असतात आणि प्रेस नोटमध्ये आपलं नाव शेवटी किंवा नसतंच, तेव्हा इनामाचा प्रस्ताव बनवतानाच मुंशीजींकडे (ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारे) बसून नाव बघून घ्या, सर्व्हिस बुकमध्ये एंट्री झाली का ते नंतर तपासा. सीआर (वरिष्ठांचा गोपनीय अहवाल) लिहायच्या वेळी हेच कागद कामी येतात. प्रदेशात के. एफ. रुस्तमजी पुरस्कार आहे, केंद्राचं केंद्रीय गृहमंत्री दक्षता पदक आहे, ते २०२४ पासून ३१ ऑक्टोबरला जाहीर होतं, यांची नावं खालून वर जातात, वरून कुणी शोधत येत नाही.

पोलिस ड्युटी मीटला (पोलिसांच्या कामाच्या कौशल्याच्या स्पर्धा) पण नाव द्या, सायंटिफिक एड्स, फोटोग्राफी, कॉम्प्युटर, यात शरीराची ताकद लागत नाही अभ्यास लागतो, आणि तिथे दुसऱ्या जिल्ह्यांचे चांगले विवेचक एकाच जागी भेटतात. भोपाळला सीएपीटी ही केंद्राची पोलिस ट्रेनिंग अकॅडमी आहे, तिथल्या कोर्सचं सर्क्युलर ठाण्यात येतं आणि फाइलला लागतं, तेव्हा मुंशीजींना सांगून ठेवा की कोर्सचं पत्र आलं की मला दाखवा. बीपीआरअँडडी ही केंद्राची पोलिस संशोधन संस्था महिला पोलिसांची राष्ट्रीय परिषद घेतं, तिचं पत्र आलं तरी तसंच.

जगाच्या पातळीवर आयएडब्ल्यूपी म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ विमेन पोलिस आहे, मूळ १९१५ ची संस्था, १९५६ ला नव्यानं उभी राहिली. त्यांचे दरवर्षी पुरस्कार असतात, लीडरशिप, मेंटरिंग, कम्युनिटी सर्व्हिस, ब्रेव्हरी अशा कॅटेगऱ्या. अर्ज इंग्लिशमध्ये लिहायला लागतो म्हणून सोडून देऊ नका, बॅचमधली जिचं इंग्लिश चांगलं तिच्याकडून लिहून घ्या आणि प्रॉपर चॅनेलनं पाठवा.

आणि नॉमिनेशन लिहायला बसाल तेव्हा आपल्या ठाण्यातल्या महिला आरक्षकांची (कॉन्स्टेबलची) नावं पहिल्यांदा आठवा. बयानाच्या रात्री पोरीला दूध आणून देणारी, एमवायला तिचा हात धरून बसणारी तीच असते, आणि तिच्यासाठी प्रस्ताव लिहायला ठाण्यात तुमच्याशिवाय दुसरं कोणी नसतं.