कोलोनोस्कोपीनंतर पोटाचा नगारा होऊ नये म्हणून

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. तिच्यात आतडं फुगवायला साध्या हवेऐवजी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वापरायचं मशीन आमच्या एंडोस्कोपी रूममध्ये आलं, त्या आठवड्यात मी एक चूक केली. सिलिंडर जोडला, नळी लावली, पण प्रोसेसरवरचा (दुर्बीण जोडतात त्या यंत्रावरचा) साधी हवा भरणारा एअर पंप बंद करायचा राहिला. दोन दिवस पेशंट पूर्वीसारखेच पोट धरून बसलेले. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "सिस्टर, आत ढोल वाजतोय." सर (आमचे डॉक्टर) मशीनला नावं ठेवत होते, आणि दोष माझा होता.

आतडं फुगवल्याशिवाय त्याच्या घड्यांमागचं दिसत नाही, म्हणून वायू भरावाच लागतो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन. तो आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही, वारा सरेपर्यंत तासन्‌तास अडकून राहतो. सीओटू मात्र शंभरपटीहून जास्त वेगाने रक्तात जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. त्यामुळे फरक दिसतो तो तपासणीनंतरच्या काही तासांत. स्कोप (दुर्बिणीची नळी) आत जाताना वळसा बसून जी कळ येते, ती कुठल्याच गॅसने टळत नाही. पेशंटला हे आधीच सांगावं.

जोडणी झाली की मी स्कोपचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवते. सीओटू बंद ठेवून स्कोपच्या मुठीवरच्या एअर-वॉटर वॉल्व्हवर (हवा-पाण्याच्या बटणावर) बोट ठेवायचं. बुडबुडे आले तर पंप चालू आहे, तो बंद करा. मग सीओटू सोडून पुन्हा बघा, आता बुडबुडे यायलाच हवेत. अर्ध्या मिनिटाचं काम. पाण्याची बाटलीही सीओटूची नळी बसणारीच हवी.

सिलिंडर मेडिकल ग्रेडचा, उभा, साखळीने बांधलेला. दाबाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका! आत गॅस द्रवरूपात असतो, त्यामुळे घरच्या गॅससारखंच, शेवटचा थेंब संपेपर्यंत दाब जवळपास तेवढाच दिसतो आणि मग एकदम कोसळतो. वजन करा, भरलेला दुसरा हाताशी ठेवा. साध्या एअर-वॉटर वॉल्व्हच्या भोकातून गॅस सतत खोलीत गळतो, म्हणून दोन केसांच्या मध्ये पुरवठा बंद करायचा आणि खोलीत हवा खेळती ठेवायची.

दमेकरी, सीओपीडीचे (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचे), रक्तात आधीच सीओटू साठणारे पेशंट असतील तर सरांना आणि भूलतज्ज्ञांना केस सुरू होण्याआधी सांगा. गाढ झोपेचं औषध दिलं असेल तर नुसत्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचा श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. कॅप्नोग्राफ (श्वासातला सीओटू मोजणारं यंत्र) असेल तर लावाच.

सीओटू आहे म्हणून भरमसाट फुगवायचं असंही नाही. स्कोप बाहेर काढताना जागोजाग सक्शन करायला मी सरांना आठवण करते (ते वैतागतात, पण करतात).

नंतर पेशंटला डाव्या कुशीवर, गुडघे दुमडून झोपवा. पूर्ण जाग आल्यावर हात धरून चालवा. आजी-आजोबा वारा सोडायला लाजतात, त्यांना पडदा ओढून द्या आणि नातेवाइकांना चहाला पाठवा.

सीओटू वापरूनही पोट कडक लागलं, दुखणं वाढत गेलं, ताप आला, उलट्या किंवा बरंच रक्त गेलं, तर "गॅस असेल" म्हणून थांबायचं नाही. आतड्याला भोक पडलेलं असू शकतं. तोंडाने काही देऊ नका, सरांना लगेच बोलवा.