देणगीच्या पत्रातली पांघरुणाची ओळ

बीड जिल्ह्यातल्या एका हंगामी वसतिगृहासाठी मी पहिलं आवाहन लिहिलं ते दिवाळीच्या तोंडावर. ऊसतोडीसाठी उचल (आगाऊ मजुरी) घेतलेले आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर निघाले की मुलांची शाळा सुटते, हे लिहिणं जड गेलं नाही. घात केला तो शेवटच्या ओळीने: 'तुमच्या ६०० रुपयांत एका मुलाला पांघरूण मिळेल.'

मुलं ५२. पांघरुणांचे पैसे दिले ११० जणांनी. आणि डिसेंबरात स्वयंपाकाच्या मावशींचा पगार द्यायला मोकळा पैसा नाही. मला वाटलं, पैसा संस्थेचाच आहे, वळवू. आमच्या हिशेबनिसांनी तिथेच अडवलं. ज्या नावाने मागितले त्याच नावावर खर्च पडला पाहिजे. दुसरीकडे लावायचे तर आधी देणाऱ्याला विचारायचं. मग सगळ्यांना पत्रं लिहिली. सांगलीच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला, "अहो ताई, पगाराला लावा की! पण हे आधीच का नाही सांगितलंत?" तो प्रश्न अजून टोचतो.

म्हणून वस्तूची किंमत लिहू नका. किराणा, गॅस, मावशींचा पगार, भाडं, सगळं धरून एका मुलाचा महिन्याचा खर्च काढा आणि तोच मागा. पगार लपवू नका, लोकांना तो कळतो. वस्तू मागायचीच असेल तर खाली लिहा: 'ही गरज भागल्यावर उरलेली रक्कम वसतिगृहाच्या रोजच्या खर्चासाठी वापरू.' ही ओळ पत्रात हवी, पावतीवर हवी, क्यूआर कोडच्या चित्रातही हवी. दुसऱ्या वर्षी मी ती फक्त पत्रात घातली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं ते चित्र, आणि पुन्हा तोच घोळ.

पॅन देणगी घेतानाच मागा, नाहीतर ३१ मेच्या आत आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरणपत्र भरताना रात्री जागाल. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला आयकरात वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच. तेव्हा करसवलतीने पत्राची सुरुवात करू नका. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भाच्याचे पैसे भारतातल्या खात्यातून, रुपयांत आले तरी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका.

कार्यशाळेत मिळणारे तयार मसुदे आणि रडक्या मुलांचे फोटो मला पटत नाहीत. उद्या तेच मूल मोठं होऊन तो फोटो पाहणार आहे. लिहिण्यापूर्वी एक दिवस हिशेबनिसांजवळ बसा, माझं खरं शिक्षण तिथेच झालं. पहिलं पत्र फसलं तरी घाबरू नका. त्या ११० जणांपैकी बहुतेकांनी होकार कळवला.

आणि एप्रिलात, काहीही न मागणारं एक पत्र पाठवा. गेल्या वर्षी मी त्यात लिहिलं: ५२ पैकी ४९ मुलं वार्षिक परीक्षेला बसली, तिघं जानेवारीतच फडावर गेली. सगळ्यात जास्त फोन त्या तिघांची चौकशी करायला आले.