थोडक्या पैशांत हॉलची कळा बदलायची तर

हॉल जुनाट दिसायला लागला की लोक आधी नवीन सोफा बघायला निघतात. मी डोंबिवलीत पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवून देते. मापं घ्यायला घरोघरी जाते, आणि बहुतेक ठिकाणी दारातच कळतं की इथे नवीन सामानाची गरजच नाही. उजेड पांढराफटक असतो, सोफ्याचा फोम बसलेला असतो आणि पडद्यांनी खिडकी अडवलेली असते. तेवढं सुधारा. बाकीचं पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतं.

सुरुवात खोली रिकामी करण्यापासून. सोफा आणि दिवाण सोडून सगळं आत न्या. जळमटं, पंख्याची पाती, खिडकीच्या जाळ्या, सगळं पुसून काढा. स्विचबोर्डाभोवतीचे हाताचे काळे डाग मेन बंद करून साबणाच्या ओलसर फडक्याने पुसा. अर्धी कळा तिथेच बदलते. मग सामान लगेच परत मांडू नका. दोन दिवस तसंच राहू द्या आणि घरातलं कोणी जी वस्तू मागेल तीच बाहेर आणा. कोपऱ्यातल्या जास्तीच्या टीपॉयची आठवण सहसा कुणालाच होत नाही.

रंग द्यायचा असेल तर एकाच भिंतीला द्या, सोफ्यामागच्या. दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच भिंतीला दोन हातांसाठी दीड ते दोन लिटर प्लास्टिक पेंट लागतो. पोपडे पत्रीने खरवडा, खड्ड्यांत पुट्टी भरा, वाळली की पॉलिश पेपर मारा, मग प्राइमर आणि त्यावर रंग. भिंतीला पांढरा मात्र देऊ नका. एक भिंत नवी पांढरी झाली की उरलेल्या तीन मळकट वाटायला लागतात. मातकट, गेरूच्या जवळचा किंवा शेवाळी रंग घ्या, म्हणजे मुद्दाम वेगळा दिलाय हे कळतं. भिंतीला ओल असेल तर आधी तिचं कारण शोधा, बाहेरची चीर असो की वरच्या घराचा पाइप. ओलीवर दिलेला रंग पहिल्याच पावसात फुगतो. वॉलपेपरचे स्टिकर मी कुणालाच सुचवत नाही. आपल्या दमट हवेत त्यांच्या कडा सुटतात आणि काढताना खालचा रंगही सोबत निघतो.

दिव्यांवर खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त. एलईडीच्या खोक्यावर ६५०० के असं लिहिलेलं असेल तर तो पांढरा, निळसर उजेड. मुलांच्या अभ्यासाला ती ट्यूब राहू द्या. संध्याकाळसाठी ३००० के किंवा २७०० केचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, नऊ वॅटचा बल्ब सोफ्याच्या बाजूला, बसल्यावर डोक्याच्या उंचीला येईल असा लावा. बांबूची टोपली उलटी करून तिची सुंदर शेड होते. होल्डर आणि वायर मात्र वायरमनकडूनच जोडून घ्या.

आता पडदे, माझं आवडतं काम. रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून नको. चौकटीच्या सहा-आठ इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर घ्या, म्हणजे पडदे सरकवल्यावर ते भिंतीवर जातात आणि पूर्ण खिडकी उघडी मिळते. दोन्ही पडद्यांची मिळून रुंदी खिडकीच्या दुप्पट हवी, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फूट लांबीचे मिळतात. दाराचा सात फुटी पडदा खिडकीलाही लावता आला तर लावा, छत उंच वाटतं.

कपाटात सुती साड्या पडून असतील तर विकत घ्यायचीही गरज नाही. साडेपाच मीटरची साडी म्हणजे अठरा फूट. मधोमध कापली की नऊ-नऊ फुटांचे दोन पडदे, चार फुटी खिडकीला पुरेसे. नऊवारी असेल तर तीन होतात. काठ उभे येतात, आणि दोन पडदे मिळतात तिथे काठाला काठ लागतो. ते फार देखणं दिसतं. नऊऐवजी सात फुटीच पडदे हवे असतील तर आधी पदर कापून त्याचे उशांचे अभ्रे करा. रेशमी साडी उन्हाच्या खिडकीला लावू नका, घडीवर विरते. रिंगा लावणार असाल तर त्यांची संख्या सम ठेवा, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात.

उरलेले पैसे सोफ्याला. गादी काढून खालचे पट्टे बघा. सैल झाले असतील तर ते बदलून मिळतात. फोम घेताना दुकानदार ३२ आणि ४० डेन्सिटी विचारेल. बसायला ४० घ्या, पाठीला ३२ चालतो. कापड ५४ इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं घ्या. दोन फूट बाय दोन फूट, चार इंच जाड गादीला त्यात एक मीटरच्या आसपास कापड लागतं, म्हणजे तीन गाद्यांना तीन मीटर. सुती असेल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. न भिजवलेलं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि कव्हर गादीवर चढत नाही. चेन मागच्या बाजूला घ्या, थोडी कोपऱ्यावरून वळवून, म्हणजे फोम न मोडता आत जातो. उशी सोळा इंची असेल तर अभ्रा पंधरा इंची शिवा, उशी टच्च दिसते. शिवणकाम जमत नसेल तर दिवाणावर आणि सोफ्याच्या पाठीवर एकेक सोलापुरी चादर टाका. ती कितीही धुतली तरी टिकते आणि तिचे रंग मातकट भिंतीपुढे खुलतात.

मुंबईच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी: कापडाला क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगळदास मार्केट, दिवे आणि वायरला तिथून जवळच लोहार चाळ. सीएसएमटीला उतरून दोन्हीकडे चालत जाता येतं. रविवारी बंद असतं, म्हणून कामाच्या दिवशी सकाळी जा. सोबत खिडकीची आणि गादीची मापं लिहिलेला कागद न्या, आणि जुन्या कव्हराचा एक तुकडाही. दुकानातल्या उजेडात रंग वेगळा भासतो. कापड दाराशी उन्हात नेऊन त्या तुकड्याशेजारी धरा आणि मगच कापायला सांगा.