डायव्हल्ज शब्द वापरायचा कसा, आणि मुळात तो आला कुठून

डायव्हल्ज (divulge) हा इंग्रजी शब्द, म्हणजे आतली, गुप्त गोष्ट सांगून टाकणे. नुसतं 'सांगणे' एवढंच पाठ करून ठेवलं की घोळ होतो. माझा झालाय. एका अनोळखी माणसाला मेलमध्ये मी 'प्लीज डायव्हल्ज युअर फोन नंबर' असं ठोकून दिलं होतं, मला वाटलं काय भारी इंग्रजी, पण त्याला ते वाचून चौकशीला बसवल्यासारखंच वाटलं असणार, की बऱ्या बोलाने नंबर ओक. तिथे साधं शेअर पुरलं असतं.

तर आधी मूळ बघा, म्हणजे अर्थ डोक्यात बसेल. लॅटिनमध्ये व्हल्गस म्हणजे सामान्य लोक, गर्दी. त्यावरून क्रियापद झालं, सगळ्या लोकांत पसरवणं, आणि पुढे 'डि' लागलं म्हणजे चहूकडे. आपल्याकडे चव्हाट्यावर आणणे म्हणतात ना, अगदी तेच, चार वाटा मिळतात तिथे नेऊन ठेवायचं की येणारा जाणारा बघतोय. इंग्रजीत हा शब्द 15व्या शतकात आला तेव्हा नुसतं जाहीर करणे एवढाच अर्थ होता, गुपिताचा वास त्याला नंतर लागला. व्हल्गर हा त्याचा सख्खा भाऊ, तोही आधी फक्त 'सामान्य लोकांचं' एवढंच सांगायचा, शिवी नंतर झाला (बिचारे सामान्य लोक). 4थ्या शतकाच्या शेवटी संत जेरोमने ज्याचं काम सुरू केलं त्या लॅटिन बायबलला व्हल्गेट म्हणतात, तेही याच घरातलं. बल्ज आणि इंडल्ज मात्र नुसते यमक जुळणारे, नातं काही नाही.

उच्चार करताना जोर 'व्हल्ज'वर द्यायचा. सुरुवातीला डाय म्हणा किंवा डि म्हणा, दोन्ही चालतं. शेवटचा ज 'जीव'मधला, 'जरा'मधला नाही, इथे आपण मराठी माणसं हमखास घसरतो.

आता वापर. गंमत म्हणजे हा शब्द बहुतेक वेळा नकारातच भेटतो, म्हणजे 'शी रिफ्यूज्ड टू डायव्हल्ज हर सोर्स', माहिती कुणी दिली ते सांगायला तिने नकार दिला. बातम्यांत वाचताना लक्ष ठेवा, आसपास रिफ्यूज, डिक्लाइन, नेव्हर असलं काहीतरी दिसतंच. कुणाला सांगितलं ते जोडायचं तर 'टू' लागतो, 'डायव्हल्ज इट टू मी', 'डायव्हल्ज मी' असं कधीच नाही.

रिव्हीलशी अदलाबदल दरवेळी जमत नाही. रिव्हीलच्या मुळात बुरखा आहे, बुरखा सरकला की मागचं दिसतं, म्हणून पडदा वर गेला आणि स्टेज दिसलं तर रिव्हील. डायव्हल्जला माणूस लागतो, ज्याला आतली गोष्ट माहितीये आणि जो तोंड उघडतो. पडद्याला तोंड नाही. कंपनीचे हिशोब, कायदेशीर कागद असलं कोरडं काही असेल तर डिस्क्लोज, आणि मित्रांत बिंग फुटलं तर सरळ 'स्पिल द बीन्स' म्हणा, तिथे डायव्हल्ज म्हणालात तर कोट घालून गप्पा मारल्यासारखं वाटतं.

नाम हवं असेल तर डायव्हल्जन्स डिक्शनरीत सापडेल, पण बोलताना ऐकायला मिळत नाही फारसं, डिस्क्लोजर लिहा आणि पुढे चला.