चिखलातून आल्यापासून जीप थरथरते? भाग बदलण्याआधी दोष कुठं आहे ते असं शोधा

बेळगावजवळच्या कणकुंबी-जांबोटीच्या वाटांवर शनिवार-रविवार फिरलेली फोर बाय फोर सोमवारी हायवेला लागते आणि काकती मागं पडल्यावर, साठ-सत्तरच्या पुढं, सीटखाली थरथर सुरू होते. पुढचा क्रम बहुतेकांचा ठरलेला असतो. आधी व्हील बॅलन्सिंग, त्यानं गेलं नाही म्हणून अलाइनमेंट, मग दोन टायर, मग क्रॉस (चाकांकडं जोर नेणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा सांधा), आणि शेवटी गिअरबॉक्स उघडायची भाषा. थरथर तिथंच राहते, कारण ती कशाबरोबर वाढते-कमी होते हे कुणी बघितलेलंच नसतं. गाडीचा वेग, इंजिनचे फेरे आणि ओढीचा जोर, या तिघांपैकी ती कशाशी बांधलेली आहे एवढं कळलं की संशयितांची यादी एकदम लहान होते.

त्याआधी गाडी धुवा, आणि ती वरून चमकवण्यासाठी नाही. चाकं काढून रिमची आतली, ब्रेककडची बाजू बघा. खानापूरकडची तांबडी माती तिथं बसते, वाळते आणि बाहेरून दिसत नाही. बॅलन्सिंगवाला पाच-पाच ग्रॅमची वजनं लावून चाक जुळवतो; आत पावशेर मातीचा थर एका बाजूला चिकटला असेल तर त्या वजनांना काही अर्थ उरत नाही. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती आणखी चिवट, ती लाकडी काठीनं खरवडूनच काढावी लागते. प्रॉपेलर शाफ्टवरची (गिअरबॉक्सकडून अॅक्सलकडं जोर नेणारा लांब दांडा) आणि डिफच्या (डिफरेन्शियल, अॅक्सलमधली गिअरची पेटी) तोंडाशी साचलेली मातीही काढा. धुण्याचा दुसरा फायदा नंतर दिसेल: कोरड्या पडलेल्या क्रॉसच्या टोपीभोवती गंजाची तांबूस भुकटी येते, आणि इकडच्या मातीत ती ओळखूच येत नाही.

धुतानाच टायरवर हात फिरवा. फुगा, कापलेली बाजू, दगडानं वाकलेली रिमची कड, सैल नट हे सगळं इथंच सापडतं. गाडी पावसाळाभर एका जागी उभी असेल तर टायरचा खालचा भाग चपटा होतो; ती थरथर थोडं अंतर चालवल्यावर टायर तापला की कमी होते. मोठ्या संख्येनं गाड्या इथंच बऱ्या होतात, पुढचं वाचायची गरज पडत नाही.

रस्त्यावरची चाचणी

खड्ड्यांच्या रस्त्यावर काहीच कळत नाही. निपाणीच्या दिशेचा हायवे सकाळी लवकर मोकळा असतो, त्यावरचा सपाट पट्टा निवडा. वंटमुरीचा घाट किंवा चोर्ला यासाठी नको. उतारावर गाडी न्यूट्रल करणं म्हणजे जीवाशी खेळ. शेजारी कुणीतरी वही घेऊन बसलेलं हवं, चालवणाऱ्यानं लिहायचं नाही.

थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि कोणत्या वेगाला सर्वात जास्त असते ते लिहा. मग त्याच वेगाला गिअर बदला, म्हणजे सत्तरला आधी चौथा, मग पाचवा. इंजिनचे फेरे बदलले तरी थरथर तशीच असेल तर ती चाकांची किंवा शाफ्टची. आता त्याच वेगाला क्लच पूर्ण दाबा आणि गाडी घरंगळू द्या. तरीही थरथर चालूच राहिली तर इंजिन निर्दोष. क्लच दाबताच गेली, तर गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर नेऊन बघा. उभ्या गाडीतही थरथर आली तर इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग रबर, नाहीतर क्लच. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालताना फक्त अॅक्सिलरेटर दिल्यावर येते, तर ती ओढीच्या जोराशी बांधलेली थरथर. तिच्यासाठी क्रॉसचे कोन आणि पिनियन (शाफ्टचा जोर डिफमध्ये घेणारा छोटा गिअर) बघावं लागतं.

थरथरीची लयही ओळखता येते. २३५/७० आर १६ मापाच्या टायरचा घेर साधारण २.३ मीटर. ताशी ७० किलोमीटरला हे चाक सेकंदाला आठ-साडेआठ फेरे मारतं. डिफचं प्रमाण चारास एक धरलं तर प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेळी ३३-३४ फेरे मारत असतो. म्हणून चाकाचा दोष धडधड असा जाणवतो, जवळजवळ मोजता येईल इतका सावकाश. स्टिअरिंग हललं तर पुढचं चाक, सीट हलली तर मागचं. शाफ्टचा दोष म्हणजे गुणगुण, पायाखालच्या पत्र्यात आणि गिअरच्या दांड्यात मुंग्या आल्यासारखी. क्रॉस शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा झटका देतो, त्यामुळं कोन बिघडला असेल तर आकडा दुप्पट, ६७ च्या आसपास. फोनमध्ये कंपन हर्ट्झमध्ये दाखवणारी अॅप मिळतात. फोन दोन सीटमधल्या पत्र्याच्या उंचवट्यावर चिकटवून ठेवला तर आठ आणि तेहतीस यातला फरक सहज दिसतो.

एक गोष्ट कटाक्षानं टाळा. पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफ नसलेली गाडी कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर) टाकून चाचणी घेऊ नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, ताण गिअरमध्ये साठतो आणि गाडी धक्के देते. तो दोष नव्हे.

गाडीखाली

सपाट फरशीवर, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावून, स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. शाफ्ट काढल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही धरून राहत नाही. जुन्या जीपांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटणारी पेटी) मागं असतो, मागचा शाफ्ट सुटला की तो हँडब्रेकही कामाचा राहत नाही.

शाफ्ट दोन्ही हातांनी पकडून वर-खाली आणि पिळून हलवा. क्रॉसमध्ये जराही टकटक नको. नाल्यातून गाडी गेली की क्रॉसमधलं ग्रीस धुतलं जातं, आतल्या सुया कोरड्या चालतात. आधी कमी वेगाला चिवचिव येते, थरथर नंतर. म्हणून चिवचिव ऐकली होती का, हे घरच्यांनाही विचारा, त्यांना आठवतं. शाफ्टवर दगडाचा पोचा आहे का, वेल्डिंगनं लावलेली बॅलन्सची पट्टी निघून तिथं चकचकीत चौकोन उरलाय का, तेही बघा.

आता ज्यावर मला सर्वात जास्त संशय असतो ती जागा: मधला सरकता जोड. ग्रीसिंगसाठी कुणीतरी शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले आणि बसवताना दाते चुकवले, असं फार वेळा होतं. एक क्रॉस वाकड्या कोनात फिरला की शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक पुसून टाकतो, पण दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत असतील तरच. रेषा चुकली की फरक पुसला जाण्याऐवजी वाढतो. शाफ्टच्या लांबीच्या रेषेत डोळा लावून बघा: दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेल्या साध्या शाफ्टवर दोन्ही काटे समोरासमोर दिसले पाहिजेत. बहुतेक शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, मातीखाली झाकलेल्या. नसतील तर उघडण्याआधी पंचनं स्वतः खूण करा. हा दोष सापडला तर खर्च शून्य.

गाडी उंच केली असेल तर कोन मोजा. फोनमधलं कोनमापक गिअरबॉक्सच्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडायची चकती), शाफ्टवर आणि पिनियनच्या फ्लँजवर टेकवा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. दोन्ही टोकांच्या कोनांत एका अंशाहून जास्त तफावत नको, आणि प्रत्येक क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आत असेल तर उत्तम. पाटे (स्प्रिंग) आणि अॅक्सलच्या मध्ये पाचर घालून पिनियन फिरवता येतो. लिफ्ट किट बसवून देणारे याबद्दल फारसं बोलत नाहीत, हे मात्र खरं.

तरीही सापडलं नाही तर पुढचा शाफ्ट खुणा करून काढा आणि टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) त्याच रस्त्यावर जा. पुढच्या चाकांचे हब कायम जोडलेले असतील तर टू-एचमध्येही हा शाफ्ट फिरतच असतो. थरथर गेली तर दोष पुढच्या बाजूला. जाताना शाफ्टचे बोल्ट डब्यात ठेवा. नवे लागले तर त्याच दर्जाचे घ्या, हार्डवेअरच्या दुकानातले साधे नकोत.

शाफ्टचा तोल गेलाय असं वाटलं तर दोन होज क्लिप घ्या. शाफ्टच्या डिफकडच्या टोकाला दोन्ही एकत्र बसवा, स्क्रूची डोकी एका बाजूला. खडूनं चार खुणा करून क्लिप एकेका खुणेवर फिरवा आणि दरवेळी त्याच वेगाला गाडी चालवून बघा. एका जागी थरथर कमी होते, विरुद्ध जागी वाढते. हा तात्पुरता उपाय, पण तोलाचाच दोष आहे याची खात्री पटते. मग शाफ्ट बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्यांकडे न्या. आधी वाकलाय का ते डायलवर बघून घ्या आणि मगच बॅलन्सिंगला द्या.

पिनियनच्या फ्लँजला पुढं-मागं हालचाल असेल, सीलमधून तेल येत असेल, अॅक्सिलरेटर सोडल्यावर घरघर वाढत असेल, तर घरी हात घालू नका. क्राउन-पिनियनची सेटिंग मोजमापाची असते. डिफचं तेल दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय. तेल बदला आणि ब्रीदरची (डिफमधली हवा सोडणारी) नळी मोकळी करा.

मेस्त्रीकडे जाताना वही सोबत न्या. "सत्तरला येते, चौथ्या-पाचव्यात सारखीच, क्लच दाबला तरी राहते, पुढचा शाफ्ट काढून फरक नाही," एवढं सांगितलं की तो थेट मागच्या शाफ्टखाली जातो. आणि शाफ्ट पकडल्यावर टकटक येत असेल, गाडी सुटताना खाडकन आवाज होत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा. पुढच्या टोकाचा क्रॉस तुटला की शाफ्ट खाली पडून रस्त्यात रुततो.