रॉयस्टन व्हॅसीच्या विक्षिप्तांचा लळा कसा लावून घ्यावा

बीबीसीच्या ‘द लीग ऑफ जंटलमेन’ या मालिकेचा पहिला भाग मी अर्ध्यात बंद केला होता. नाकं वर ओढून डुकरासारखी केलेलं जोडपं, बेडूक पाळणारा चक्रम काका, आणि हे म्हणे विनोदी! आज त्याच जोडप्यातल्या बाईला, टब्सला, कोणी नावं ठेवली तर मला राग येतो. मधे काय केलं, ते सांगतो.

१. सुटे तुकडे बघू नका. १९९९च्या पहिल्या भागापासून क्रमाने बघा. प्रत्येक मोसमात सहाच भाग, तेही अर्ध्या तासाचे. सबटायटल्स लावा. उत्तर इंग्लंडची बोली आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

२. आधी गावात रुळा. रॉयस्टन व्हॅसी काल्पनिक, चित्रीकरण मात्र डर्बीशरमधल्या हॅडफील्डचं. वेशीवरची पाटी स्वागत करते आणि लगेच बजावते की इथून तुमची सुटका नाही. गावाचं नाव म्हणजे रॉय चबी ब्राउन या विनोदवीराचं खरं नाव, आणि महापौर म्हणून तोच उभा!

३. मार्क गॅटिस, स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शिअरस्मिथ हे तिघंच बायकांसकट बहुतेक पात्रं करतात. (चौथा लेखक जेरेमी डायसन पडद्यावर क्वचितच.) ‘हा कोण, तो कोण’ हा खेळ दोन भाग खेळा, मग सोडा.

४. आता एकच पात्र धरा आणि विचारा, हे माणूस कशाला इतकं घट्ट धरून बसलंय? खरी गंमत इथून सुरू होते. टब्स आणि एडवर्डचं माळरानावरचं दुकान फक्त ‘स्थानिक’ लोकांसाठी. परका आत आला की टब्स घाबरून ओरडते, वस्तूंना हात लावू नका! पुणेरी दुकानदार आठवेल, पण तो गिऱ्हाईकाला जिवंत परत पाठवतो. टब्सने बाहेरचं जग पाहिलेलंच नाही. गावात नवा रस्ता येणार म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत जी लकाकी येते, ती बघा. त्या बाईला कोणी एकदा फिरवून आणा हो, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

पॉलीनचंही तेच. बेरोजगारांचा वर्ग घेते, त्यांना तुच्छ लेखते, जीव फक्त पेनांवर. पुढे तिचीच नोकरी जाते. तेव्हा तिचा चेहरा बघा, तिची भूमिका करणारा पेम्बर्टन तिथे विनोद करतच नाही.

५. चिनरी या जनावरांच्या डॉक्टरवर वेगळी मेहनत नको. भला माणूस, पण हाताखालचं जनावर मरतंच. कारण २०००च्या नाताळ विशेष भागात कळतं.

६. सगळेच आवडायला हवेत असं नाही. पापा लाझारू या सर्कसवाल्यासाठी गोऱ्या नटाने चेहरा काळा रंगवलाय, ते अनेकांना वर्णद्वेषी वाटून खटकतं, मलाही. २०२०मध्ये नेटफ्लिक्सने मालिका हटवली ती त्याच वादात.

७. २००२चा तिसरा मोसम घाईने उघडू नका. त्यात मागून ऐकू येणारं प्रेक्षकांचं हसणं नाही, आणि एकेक भाग एकेका पात्राभोवती फिरतो. ओळख नसेल तर रटाळ वाटेल.

८. डिसेंबर २०१७चे तीन भाग सर्वांत शेवटी. त्यात पॉलीन पुन्हा वर्ग घेताना दिसते. तो वर्ग का भरलाय, ते मी सांगणार नाही. रुमाल जवळ ठेवा.